केळी कापल्याची केस आणि कोर्ट न सोडलेली वकीलबाई

लॉला असलेली पोरं भेटली की एकच विचारतात, सर ट्रायलमध्ये करिअर आहे का, आणि मी दरवेळी ह्याच एका केसचं सांगत बसतो, म्हणून म्हटलं एकदाचं सगळं लिहूनच काढू. केस मोठी नाही. खून नाही, दरोडा नाही. भादंवि 427 आणि 447, म्हणजे दुसऱ्याच्या शेतात घुसून नुकसान केलं, जास्तीत जास्त दोन वर्षं शिक्षा, मॅजिस्ट्रेट कोर्ट, बस. पण आमच्या बारमधल्या एका ज्युनियर वकीलबाईने पुढे आयुष्यभर काय करायचं हे ह्याच केसच्या आगेमागे ठरवलं आणि ते मी जवळून बघितलं. पक्षकारांची, गावाची, तिची नावं देत नाही, रावेर-यावलचा केळीपट्टा एवढं पुरे.

आधी तिची परिस्थिती सांगतो. घरात कोणी वकील नाही, कोर्टाची पायरी चढलेलं पण कोणी नाही. वडील आधी दुसऱ्याच्या बागेत मजुरीला, नंतर थोडी जमीन बटाईने करायचे. तिने बीए करून जळगावला तीन वर्षांचं एलएलबी केलं, सनद काढली, एआयबीई म्हणजे वकिलीची ऑल इंडिया परीक्षा पास झाली आणि तालुक्यालाच एका फौजदारी करणाऱ्या सीनियरकडे लागली. जळगावात लॉ केलं म्हणजे डोक्यात उज्ज्वल निकम असणारच, त्याला इलाज नाही, इथल्याच कोर्टातून वर गेलेला माणूस, 1993 च्या बॉम्बस्फोटाचा खटला, मग कसाबचा, 2016 ला पद्मश्री, आता राज्यसभा. पोरांना टीव्हीवरचा बाईट दिसतो. त्या बॉम्बस्फोट खटल्याचा निकाल यायला 2006-07 उजाडलं हे कोणी बघत नाही, तेवढी वर्षं साक्षीदारामागून साक्षीदार तपासत राहायचं म्हणजे काय असतं ह्याचा विचार कोणी करत नाही. प्रतिभाताई पाटील पण राजकारणात जायच्या आधी जळगाव कोर्टात वकिली करायच्या, आताच्या अर्ध्या पोरांना तेही माहीत नसतं.

तालुक्याला ज्युनियर म्हणजे काय ते वकिलांना सांगायला नको. पुकारा झाला की उभं राहून "सर सेशनला आहेत, वेळ मिळावी" म्हणायचं, नकलेचे अर्ज, जामीनदाराचे सातबारे तपासायचे, वकीलपत्राला वेल्फेअरचं तिकीट चिकटवायचं. पैसे म्हणाल तर जाण्यायेण्याचे सुटायचे, दिवाळीला पाकीट. 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने सुचवलं की ज्युनियरला शहरात 20000 आणि गावाकडे 15000 तरी द्या. आमच्या बाररूममध्ये ते वाचून दाखवलं तेव्हा सीनियर लोक असे हसले की चहावाला आत डोकावून बघून गेला.

तिचं एक होतं पण. आपलं काम झालं की बाकीचे ज्युनियर चहाला जायचे आणि ही मागच्या बाकावर बसून राहायची, दुसऱ्याच्या केसमधला पुरावा ऐकत. कोणाचाही. चेक बाउन्स असो, बांधावरची मारामारी असो, जुगार असो. वहीत कलमं नाही लिहायची, प्रश्न आणि उत्तरं लिहायची, आणि समोर खूण करायची की हा प्रश्न विचारायला नको होता. माझ्या एका उलटतपासणीवर पण तिने अशी खूण केलेली मी नंतर बघितली, काही बोललो नाही.

चौथ्या वर्षी तिच्यापुढे एकदम सगळं येऊन पडलं. एका बँकेच्या पॅनलवर नाव लागत होतं, म्हणजे टायटल सर्च, जमीन कोणाच्या मालकीची ह्याचा तीस वर्षांचा शोध, रिपोर्टमागे ठरलेले पैसे, महिन्याला शाश्वती. पुण्यात मावसभावाच्या ओळखीने कंपनीच्या लीगल डिपार्टमेंटला नोकरी. घरच्यांचं म्हणणं जेएमएफसीची परीक्षा दे, जज हो, लग्नाला पण बरं. तेव्हा प्रॅक्टिसची सक्ती नव्हती, सुप्रीम कोर्टाने मे 2025 मध्ये तीन वर्षं प्रॅक्टिस कंपल्सरी केली, पण हिची तर तशीही झालेली. चौथा पर्याय जळगावचं लोक अभिरक्षक कार्यालय, गरीब आरोपींचा बचाव करायला पगारी वकील ठेवतात ते, पण तिथे लागलं की खाजगी केस घेता येत नाही. पाचवा पर्याय आहे तसंच पडून राहायचं. ह्यातच सीनियरला औरंगाबाद खंडपीठात जास्त राहावं लागायला लागलं आणि त्यांनी ही केळीची फाईल तिच्याकडे दिली. "दोन वर्षांची केस आहे, चालव तू."

केस अशी. 2019 च्या फेब्रुवारीतली रात्र. एका शेतकऱ्याची उभी बाग, सातआठशे खोडं कोयत्याने कापून टाकलेली. केळीपट्ट्यात हे दरवर्षी कुठे ना कुठे होतंच, राग बापावर आणि कोयता बागेवर. ज्याची कापली त्याचं वर्ष गेलं, रोपं, ठिबक, खत, मजुरी सगळं आधीच ओतलेलं असतं आणि घड हातात यायला चारेक महिने उरलेले असतात. शेजारच्या दोन भावांवर संशय, शिवरस्त्यावरून जुना वाद, दिवाणी दावा चालू. फिर्याद झाली, सकाळी दोघांना उचललं, पुरावा कायद्याच्या कलम सत्तावीसचा पंचनामा करून एकाच्या घरून कोयता काढून दिल्याचं दाखवलं, आणि एक डोळ्याने बघणारा साक्षीदार मिळाला, पश्चिमेकडच्या शेताचा मालक. तो म्हणे रात्री लाईटीची पाळी होती म्हणून मोटर चालू करायला आलो, आवाज आला, बांधावर उभं राहून बॅटरी मारली, तर हे दोघे खोडं कापत होते.

मग कोरोना, मग मॅजिस्ट्रेट साहेबांची बदली, पुरावा सुरू झाला 2022 ला.

आरोपींनी बाग कापली का नाही हे मला माहीत नाही, तिलाही नव्हतं. तिने त्यांना ते विचारलंच नाही. तिने काय केलं ते सांगतो, कारण मुद्दा सगळा तिथेच आहे.

पहिलं, तिला वाटलं लाईटीची पाळीच खोटी असणार. शेतीला थ्री फेज आठवड्यात काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री असते, साक्षीदाराने रात्र निवडलीय तर त्या दिवशी दिवसाची पाळी निघाली की केस संपली. तिने खटपट करून त्या फीडरचं त्या महिन्याचं वेळापत्रक मिळवलं. निघालं काय, पाळी रात्रीचीच होती. साक्षीदार तेवढ्यापुरता खरा. तिने तो कागद फाईलच्या तळाला टाकला आणि उलटतपासणीत लाईट हा शब्द उच्चारला नाही. नवखा वकील असता तर रुबाबात विचारून बसला असता की "त्या रात्री लाईट नव्हतीच ना?" आणि साक्षीदार जो घट्ट बसला असता तो मग हलला नसता. मी हे लॉच्या पोरांना सांगतो तेव्हा त्यांना ह्यात काही वाटत नाही, त्यांना पुढचं ऐकायचं असतं.

दुसरं, घटनास्थळ पंचनामा. हवालदाराने चतुःसीमा लिहिताना सवयीने लिहून टाकलेलं, पश्चिमेस बांधालगत गजराज गवत, अंदाजे आठ फूट. आमच्याकडे वारा अडवायला बागेच्या कडेने शेवरी नाहीतर गजराज लावतात, त्यात नवल काही नाही, म्हणूनच ते कोणाच्या डोळ्यात भरलं नाही. सरकारी वकिलांच्या नाही, तिच्या सीनियरच्या नाही. हिच्या भरलं, कारण लहानपणी वडिलांबरोबर तेच गवत कापायला जायची. रविवारी ती एसटीने गेली, शिवारात बांधावर उभी राहून आली.

फिर्यादी आधी तपासला गेला. त्याला तिने फार छेडलं नाही. सहज विचारल्यासारखं विचारलं, केळीच्या खोडाचा चीक कपड्याला लागला की डाग पडतो का. पडतो म्हणे. धुतल्यावर जातो का. "नाही जात ताई, कपडा फाटतो पण डाग जात नाही." साहेबांनी रेकॉर्डवर घेतलं. सरकारी वकिलांनी मान पण वर केली नाही. पंच तर फितूरच झाला, पोलिसांनी बोलावलं, कागद लिहिलेला होता, सही केली, नेहमीचं.

मग तो डोळ्याचा साक्षीदार. साठीचा माणूस, पांढरी टोपी, बोलणं लेवा बोलीत, साहेब मराठीत लिहून घेतायत. तिने त्याला आवाज चढवला नाही, काका म्हणूनच बोलली. (मृगाची बाग म्हणजे जूनजुलैत लावलेली, कांदेबाग म्हणजे पावसाळा सरताना लावलेली, आणि निसवणं म्हणजे घड बाहेर पडणं.)

"काका, बाग मृगाची होती का कांदेबाग?" 

"मिरगाची." 

"म्हणजे तेव्हा आठेक महिन्यांची, निसवायला लागलेली?" 

"हो, निम्मी निसवेल व्हती." 

"लागवड पाच बाय पाच?" 

"हो." 

"पानं एकमेकात गेलेली?" 

"जातीनच ना." 

"दुपारी पण आत ऊन पडत नाही?" 

"कसं पडीन, बाग चांगली व्हती त्याची." 

हे तो कौतुकाने सांगत होता, शेतकरी माणूस, दुश्मनाची असो दोस्ताची असो बाग चांगली असली की चांगलीच म्हणतो. 

"कापलेली खोडं कडेची का मधली?" 

"मधली." 

"तुम्ही ज्या बांधावर उभे होता तिथलं गजराज तुमच्या डोक्याच्या वर?" 

"वर म्हंजे, बैल दडतो त्याच्यात."

एवढं झालं आणि ती "दॅट्स ऑल" म्हणून खाली बसली. मागे बसलेला आरोपी अस्वस्थ, त्याला वाटलं हिने काहीच विचारलं नाही. मी पुढच्या माझ्या केससाठी थांबलो होतो, मला कळलं काय झालंय ते. तो शेवटचा प्रश्न, मग तुम्हाला दिसलं कसं, तो तिने सोडला होता. युक्तिवादात तोच वापरायचा, साक्षीदाराला सुधारायची संधी द्यायची नाही.

पण कोर्ट म्हणजे काय तुमच्या प्लॅनप्रमाणे चालतं थोडंच. साहेबांनीच चष्मा काढून विचारलं, "मग तुम्हाला ते दिसले कुठून?" आणि साक्षीदार लगेच, "मी आत गेलतो ना साहेब, चार सऱ्या आत."

संपलं असतं इथे. सरकारी वकिलांच्या चेहऱ्यावर रंग आला. ती उठली आणि परवानगी मागितली. पुरावा कायद्याचं 165 कलम, आता नव्या साक्ष अधिनियमात 168, साहेबांनी विचारलेल्या प्रश्नाच्या उत्तरावर उलटतपासणी करायची तर कोर्टाची परवानगी लागते, आपोआप मिळत नाही. बऱ्याच वर्षांच्या वकिलांना हे ऐनवेळी आठवत नाही, उठून सरळ प्रश्न विचारायला जातात आणि खाली बसवले जातात. तिला परवानगी मिळाली. मग आमच्या कोर्टातलं सगळ्यात जुनं चाक फिरलं.

"बागेत आत गेलो होतो हे पोलिसांना सांगितलं होतं?" 

"सांगितलं व्हतं." 

"तुमच्या पोलीस जबाबात तसं लिहिलेलं नाही, कारण सांगता येईल?" 

"त्याचं कारण मला सांगता येणार नाही." 

हे शेवटचं वाक्य साक्षीदाराने कुठल्याही बोलीत म्हटलं तरी कागदावर ह्याच शब्दात उतरतं. सरतपासणीत, म्हणजे सरकारी वकिलांनी आधी घेतलेल्या साक्षीतही तो बांधावरच उभा होता, आत गेल्याचं कुठेच नव्हतं.

ओमिशन, म्हणजे कोर्टात सांगितलेली पण पोलीस जबाबात नसलेली गोष्ट, साक्षीदाराकडून काढली म्हणजे काम झालं असं पोरांना वाटतं. तपासी अंमलदाराकडून ते सिद्ध करावं लागतं, तहसीलदार सिंग केसचा निकाल, 1959, सुप्रीम कोर्ट, कुठला जबाब कसा वापरायचा ह्याची अजून तीच पाटी आहे. अंमलदार आले तीन तारखांनंतर. त्यांनी सरळ सांगितलं, साक्षीदार बागेत आत गेल्याचं माझ्यासमोर बोलला नव्हता. मग तिने चीक काढला. आरोपींना दुसऱ्या दिवशी सकाळीच अटक केली ना? हो. अंगावरचे कपडे जप्त केले? नाही. कोयता तपासणीला सीएकडे, म्हणजे रासायनिक विश्लेषकाकडे पाठवला? नाही. खोड कापल्यावर चीक उडून कपड्याला न जाणारे डाग पडतात? अंमलदार बाहेरच्या जिल्ह्यातले, "मला माहीत नाही" म्हणाले आणि शिरस्तेदारापासून पट्टेवाल्यापर्यंत अख्खं कोर्ट एकमेकांकडे बघायला लागलं. सातआठशे खोडं दोन माणसं रात्रभर कापणार म्हणजे सकाळी ती नखशिखांत काळी पाहिजेत. त्यांचं "माहीत नाही" कामाचं नव्हतं, पण फिर्यादीचं "डाग जात नाही" महिन्यांपूर्वीच रेकॉर्डला लागलेलं होतं.

दोघे सुटले, संशयाचा फायदा. आरोपी नाचत बाहेर गेले. फिर्यादीची बायको व्हरांड्यात उभी होती, तिने हिला थांबवलं आणि विचारलं, "मंग ताई, आमची बाग काय वाऱ्याने कापली?" हिच्याकडे उत्तर नव्हतं. ती आत गेली, 437-अ चे बाँड, अपील झालं तर वरच्या कोर्टात हजर राहू असे, भरून घ्यायचे होते. मला विचाराल तर त्या बाईला उत्तर देणं हे ज्यांनी कपडे जप्त केले नाहीत त्यांचं काम होतं, वकिलाचं नाही. पण हा प्रश्न ऐकून ज्याला काहीच होत नाही त्याने फौजदारी करू नये, असंही माझं मत आहे, आणि ही दोन्ही मतं मी एकत्र बाळगून आहे.

आता करिअरचं. लोक म्हणतात केस जिंकली म्हणून तिने कोर्ट निवडलं. तसं नाही. निकालाच्या आधीच, ज्या दिवशी गजराज गवत सापडलं त्या आठवड्यात, तिने पुण्याला नाही कळवलं होतं. मला म्हणाली, सर तिथे मला ॲग्रीमेंट वाचायचेत, तिथे मी बाकीच्या शंभर जणांसारखीच, इथे मला जे माहितीये ते कोणाला माहीत नाही. हे मला पटलं. कोर्टाची आवड म्हणून सगळे मोठ्या आवाजाच्या युक्तिवादाबद्दल बोलतात, पण तालुक्याच्या ट्रायल वकिलाचं भांडवल म्हणजे मृगबाग कधी निसवते, लाईटीची पाळी कशी असते, गाडीवाट कोणाच्या बांधावरून जाते हे असतं आणि ते खर्च करायची जागा एकच, साक्षीदाराचा पिंजरा. शहरात गेलं की त्याची किंमत शून्य.

जजची परीक्षा तिने दिली नाही. कारण सांगितलं की जजला प्रश्न कमी विचारता येतात. मी म्हटलं अगं तुझ्या केसमधला सगळ्यात भारी प्रश्न जजनेच विचारला होता. त्यावर हसली फक्त.

बँकेचं पॅनल मात्र घेतलं, आणि मला हेच सगळ्यात शहाणपणाचं वाटतं. पॅशनच्या मागे जा म्हणणारे हिशोब सांगत नाहीत. तालुक्याला नुसत्या ट्रायलवर घर चालत नाही, आरोपी सुटेपर्यंत पाया पडतो आणि सुटल्यावर रस्ता बदलतो. सकाळी दुय्यम निबंधकाकडे सर्च, रिपोर्ट रात्री घरी, पुराव्याच्या तारखेला बँकेचं काम हातात घ्यायचं नाही, हा नियम तिने स्वतःला घातला आणि बँकेच्या मॅनेजरलाही सांगून टाकला. त्याच्या जोडीला 138 च्या केसेस, केळीचे व्यापारी चेक देऊन बुडवतात त्यामुळे त्यांना आमच्याकडे तोटा नाही, थोडी अपघाताची क्लेम्स, पोटगी. एका गोष्टीत मात्र माझं तिच्याशी जमत नाही. लोक अभिरक्षकला तिने अर्ज करायला हवा होता. खाजगी प्रॅक्टिस बंद होते हे खरं, पण सेशनच्या खुनाच्या केसेस दोन वर्षात जेवढ्या चालवायला मिळतात तेवढ्या इथे दहा वर्षात मिळणार नाहीत. ती म्हणते जळगावला राहून गाव सुटेल. बघू.

नवीन कायदे आल्यावर अशी केस आज कशी चालेल हे पोरांनी एकदा मांडून बघावं. 1 जुलै 2024 नंतरची घटना असेल तर भारतीय न्याय संहितेचं 324, पूर्वी पन्नास रुपयांचं नुकसान असो की पाच लाखांचं, 427 खाली वरची मर्यादा दोन वर्षंच, आता एक लाख किंवा जास्त असलं तर पाच वर्षांपर्यंत. म्हणजे खोडांची संख्या आणि भाव ह्यावर भांडण होणार, तलाठ्याचा पंचनामा सोन्याचा होणार. जप्तीचं व्हिडिओ शूटिंग नागरिक सुरक्षा संहितेच्या 105 ने बंधनकारक, तेव्हा घरून कोयता काढून दिला हे नुसत्या दोन सह्यांवर भागणार नाही, आणि तो व्हिडिओ पुराव्यात वाचवायचा तर साक्ष अधिनियमाच्या 63 खालचं सर्टिफिकेट लागणार. फितूर पंचावर जगणाऱ्या बचावाच्या वकिलांचे दिवस थोडे कठीण आहेत, त्यात मीही आलो.

फिर्यादीने सुटकेविरुद्ध सेशनला अपील केलंय, जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या 372 च्या परंतुकाखाली पीडिताला तो हक्क आहे, अजून बोर्डावर सुनावणीला आलेलं नाही. मध्यंतरी दुसऱ्याच गावचा एक शेतकरी तिच्याकडे आला, त्याचीही बाग कापलेली, ह्यावेळी ती फिर्यादीच्या बाजूने, सरकारी वकिलांना मदत म्हणून. त्याने बसल्या बसल्या संशयितांची नावं, जुनं भांडण, सगळा इतिहास सुरू केला. तिने त्याला मध्येच थांबवून विचारलं, पोरांना पकडलं तेव्हा अंगावर काय कपडे होते आणि ते आता कुठे आहेत. ते माहीत नाही म्हटल्यावर पोलीस स्टेशनला द्यायचा अर्ज तिने तिथेच, त्याच्यासमोर, लिहायला घेतला.